जुनी इलेक्ट्रिक गिटार हाताला वेगळी का लागते?

अमेरिकेत १९५०च्या दशकात कारखान्यांत तयार झालेल्या काही इलेक्ट्रिक गिटारी आज घराच्या किमतीला विकल्या जातात. गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात केलेल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारी दीड हजाराच्या आसपास होत्या असे मानले जाते, आणि त्यांतली मूळ भाग शाबूत असलेली एखादी गिटार लाखो डॉलरना जाते. दुर्मिळ वस्तूची किंमत चढणारच, त्यात नवल नाही. वादाचा मुद्दा वेगळा आहे. संग्राहकच नव्हेत, तर रोज वाजवणारे कसलेले वादकही सांगतात की जुनी गिटार हातात वेगळी लागते, वेगळी बोलते, आणि आजच्या कारखान्यांना ते साधत नाही. उलट बाजूचे लोक म्हणतात की हे सगळे नावाचे आणि किमतीचे वजन आहे. हा वाद गेली पन्नास वर्षे चालू आहे आणि त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली कोंबल्या जातात: गिटारचा आराखडा, तिची घडण आणि तिचे वय. या तिन्ही सुट्या करून पाहिल्या तर उपलब्ध पुराव्याचा कल बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. हाताला जाणवणारा फरक खरा आहे. पण त्याचा मोठा वाटा मापांचा आणि वापराने आलेल्या झिजेचा आहे. नुसत्या वयाचा वाटा, निदान आजवर हाती आलेल्या पुराव्यावरून, लहान दिसतो.

दोन कारखाने, दोन विचार

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जॉर्ज बोशाम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ‘फ्राइंग पॅन’ गिटार आणली. तारेचे कंपन चुंबकाने टिपून ते विजेच्या रूपात अॅम्प्लिफायरला देणारा पिकअप तिच्यात यशस्वी ठरला. १९३६मध्ये गिब्सनने ‘ईएस-१५०’ काढली आणि चार्ली ख्रिश्चनने जॅझमध्ये तिला एकल वाद्याचा मान मिळवून दिला. मात्र पोकळ बॉडीची गिटार मोठ्या आवाजात वाजवली की स्पीकरचा आवाज बॉडीला हलवतो आणि शिट्टीसारखा फीडबॅक सुरू होतो. त्यावर उपाय म्हणून भरीव बॉडीची कल्पना चाळीसच्या दशकात अनेकांच्या डोक्यात घोळत होती. वादक लेस पॉल याचा ‘लॉग’ आणि पॉल बिग्सबीने मर्ल ट्रॅव्हिससाठी केलेली गिटार हे त्यातले ठळक टप्पे. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरने ही कल्पना कारखान्याच्या उत्पादनात उतरवली. ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमशी जुळत असल्यामुळे सोडावे लागले आणि १९५१पासून ही गिटार ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या आराखड्यात ही पार्श्वभूमी पुरेपूर उतरली. सपाट फळीची बॉडी, चार स्क्रूंनी जोडलेला मॅपलचा नेक, बिघडला तर सुटा करून बदलता येणारा प्रत्येक भाग. वाजवता येत नसल्यामुळे तो वादकांच्या तक्रारी मन लावून ऐके. टेलिकास्टरची कड बरगड्यांत रुतते, ही तशीच एक तक्रार. फ्रेडी टवारेस, बिल कार्सन आणि इतरांच्या मदतीने १९५४मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये पोटाशी आणि कोपराखाली लाकूड तासून तिला अंगासरशी बसणारा आकार दिला गेला. गिब्सनची परंपरा याच्या अगदी उलट होती. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथल्या त्यांच्या कारखान्यात मँडोलिन आणि कोरीव पृष्ठाच्या गिटारी पिढ्यान् पिढ्या होत आल्या होत्या. गिब्सनचा प्रमुख टेड मॅकार्टी याच्या कारकिर्दीत १९५२ साली आलेल्या लेस पॉल गिटारीला मॅहॉगनीच्या बॉडीवर कोरलेल्या मॅपलचे आवरण, सरसाने चिकटवलेला नेक आणि मागे झुकलेले डोके मिळाले.

या पहिल्या लेस पॉलचा एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. नेकचा कोन फार कमी ठेवला गेल्याने तारा बॉडीच्या खूप जवळ आल्या, आणि तारा टेलपीसच्या दांड्यावरून नेण्याऐवजी खालून ओवाव्या लागल्या. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तारा दाबायच्या आणि नाद आखूड करायचा, ही गिटारवादनातली नेहमीची क्रिया त्यामुळे जवळजवळ अशक्य झाली. १९५३मध्ये कोन वाढवला गेला आणि ब्रिज बदलला. १९५४च्या लेस पॉल कस्टमबरोबर ‘ट्यून-ओ-मॅटिक’ ब्रिज आला, तर १९५७मध्ये दोन वेटोळ्यांनी गुणगुण मारणारा हमबकर पिकअप. ज्या गिटारीला आज आदर्श मानतात ती सहा वर्षांच्या चुका आणि दुरुस्त्यांतून घडली. १९५२ची प्रत १९५९च्या प्रतीइतकीच, किंबहुना तिच्याहून जुनी आहे, पण हातात ती सारखी लागत नाही. वय हेच कारण असते तर असे झाले नसते.

हाताला जाणवणारी मापे

गिटारच्या ‘फील’विषयी बोलताना वादक सहसा विशेषणे वापरतात: ताठ, मऊ, चपळ, जड. या विशेषणांमागे मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे स्केल, म्हणजेच तारेची नटपासून ब्रिजपर्यंतची कंप पावणारी लांबी. फेंडरची २५.५ इंच, गिब्सनची नाममात्र २४.७५ इंच. तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावली, तर फेंडरवर ताण सुमारे सहा टक्के जास्त येतो. लेस पॉलवर तार ओढून स्वर चढवणे सोपे वाटते, फेंडरवर आघाताला तार घट्ट उत्तर देते, असे जे वादक सांगतात त्याचा मुख्य आधार हा आहे. दुसरी गोष्ट फिंगरबोर्डचा बाक. जुन्या फेंडरवर तो ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे बराच गोलाकार. गिब्सनवर १२ इंच त्रिज्येचा, म्हणजे सपाटीकडे झुकणारा. गोल बाकावर कॉर्ड धरताना बोटे नैसर्गिकपणे वळतात. मात्र वरच्या फ्रेट्सवर पहिली तार ओढत नेली की ती बाकाच्या माथ्यावरच्या पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर मरतो. टाळायचे तर तारा उंच ठेवाव्या लागतात. पन्नाशीच्या दशकात जाड तारा आणि कमी ओढकाम हीच रीत होती, तेव्हा या बाकाची अडचण फारशी जाणवत नव्हती.

स्ट्रॅटोकास्टरच्या जुन्या पिकअपमध्येही काळाचा हाच ठसा दिसतो. सहा तारांखालच्या सहा चुंबकांची उंची एकसारखी नसे, आणि तिसऱ्या तारेखालचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला असे. कारण त्या वेळी तिसरी तार वेष्टणाची असायची. तिचा पोलादी गाभा बारीक, म्हणून पिकअपला ती क्षीण ऐकू यायची आणि चुंबक जवळ आणून ती उणीव भरून काढली जाई. पुढे हलक्या तारांचे संच रूढ झाले, तिसरी तार साधी झाली, आणि त्याच उंच चुंबकावर ती इतरांपेक्षा मोठ्याने वाजू लागली. जुन्या आराखड्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या पिकअपमध्ये आजही हे असंतुलन येते. कुणाला त्यात खास चव वाटते, कुणाला तो दोष वाटतो. आराखडा ज्या तारांसाठी आणि ज्या वादनासाठी होता त्यापासून त्याला तोडून चांगला-वाईट ठरवता येत नाही, हे या उदाहरणातून नीट कळते.

नेकचा आडवा छेद ही तिसरी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची बाब. फेंडरचे सुरुवातीचे नेक जाड, १९५६-५७च्या सुमारास मागे कण्यासारखी धार असलेले, तर १९६०च्या आसपास सडपातळ. लेस पॉलवर १९५९चा नेक भरदार आणि गोल, १९६०चा चापट. शेवटचा आकार हाताने घासून दिला जाई, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन प्रतींतही फरक असे. ‘एकोणसाठचा नेक’ असा शब्दप्रयोग बाजारात सर्रास चालतो. प्रत्यक्षात तो एका ठरीव मापाचे नाव नसून एका पट्ट्याचे नाव आहे.

‘जुने’ कुठे संपले

जुन्या गिटारी हे मूल्य कसे बनले, याचाही इतिहास आहे. सनबर्स्ट लेस पॉल विकली जात नव्हती, म्हणूनच गिब्सनने १९६१मध्ये पातळ बॉडी आणि दोन शिंगांचा नवा आराखडा आणला. खुद्द वादक लेस पॉलला तो रुचला नाही. पुढे त्याचे नाव या नव्या गिटारीवरून गेले आणि ती ‘एसजी’ झाली. १९५८च्या ‘फ्लाइंग व्ही’ आणि ‘एक्सप्लोरर’ यांनाही तेव्हा गिऱ्हाईक मिळाले नव्हते. त्या काळातल्या गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या गिटारीच पुढच्या पिढीने डोक्यावर घेतल्या. जॉन मायॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर १९६६मध्ये आलेल्या अल्बममध्ये एरिक क्लॅप्टनने मार्शल अॅम्प्लिफायरवर वाजवलेली लेस पॉल हा त्यातला निर्णायक क्षण. भरीव बॉडी आणि हमबकर यांना मोठा, फाटलेला आवाज कसा मानवतो हे तेव्हा लोकांच्या कानावर आले. १९६८मध्ये गिब्सनला जुना आराखडा पुन्हा उत्पादनात आणावा लागला.

याच सुमारास दोन्ही कंपन्यांची मालकी बदलली. १९६५च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर १.३ कोटी डॉलरना विकत घेतली. १९६९मध्ये गिब्सनची मालक कंपनी पुढे नॉर्लिन या नावाने ओळखल्या गेलेल्या उद्योगाच्या ताब्यात गेली. पुढे स्ट्रॅटोकास्टरचे डोके मोठे झाले, लाखेचे जाड प्लास्टिकसारखे थर आले, १९७१पासून नेक तीन बोल्टवर बसू लागला. गिब्सनमध्ये थरांची बॉडी आणि तीन तुकड्यांचा नेक आला. ‘सीबीएसपूर्व’ हा शब्द तेव्हापासून दर्जाची खूण बनला. सत्तरच्या दशकातल्या प्रतींत घडण ढिसाळ असल्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या आणि त्या नाकारण्याचे कारण नाही. पण रेषा इतकी सरळ नाही. वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्सच्या हातात होती ती स्ट्रॅटोकास्टर सीबीएसच्या काळातली. डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर १९६९ची, आणि ती २०१९च्या लिलावात जवळपास ४० लाख डॉलरना गेली. मालकी बदलल्याबरोबर गिटारीचे सत्त्व गेले असे मानले तर या दोन उदाहरणांचा उलगडा होत नाही. पुढे १९८२मध्ये फेंडरने ५७ आणि ६२ सालच्या आराखड्यांच्या प्रतिकृती काढल्या, तर १९९५मध्ये मुद्दाम झिजवलेल्या ‘रेलिक’ गिटारी आणल्या. जुनेपणाची मागणी कंपन्यांनीच मान्य केली, असा याचा अर्थ.

लाकडाची बाजू

वय आणि लाकूड यांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा: जुने लाकूड सावकाश सुकलेले आणि हलके होते. दशके उलटल्यावर त्यातली राळ कडक होते आणि लाकूड अधिक मोकळे कंप पावते. नायट्रोसेल्युलोजची पातळ लाख त्याला जखडत नाही. वरकरणी हे पटण्याजोगे आहे, कारण पोकळ वाद्यांत लाकडी पृष्ठच हवेला हलवते. भरीव इलेक्ट्रिक गिटारीत मात्र पिकअप फक्त चुंबकीय क्षेत्रातल्या तारेची हालचाल टिपतो. लाकूड आवाजात येते ते एकाच वाटेने, तारेकडून किती ऊर्जा काढून घेतली यावरून. हेल्मुट फ्लायशर यांनी जर्मनीत केलेल्या मोजण्यांतून दिसले की काही फ्रेट्सवर स्वर लवकर विझतो, आणि त्याचे कारण बहुधा नेकचे स्वतःचे कंपन असते. फ्रान्समध्ये आर्थर पाते आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की नेकवर त्या ठिकाणी मोजलेल्या हालचालीवरून स्वर किती वेळ टिकेल हे वर्तवता येते. लाकडाचा परिणाम शून्य नाही, हे या कामातून सिद्ध होते. पण तो परिणाम विशिष्ट नेकच्या विशिष्ट जागी दिसतो. ‘जुने लाकूड म्हणजे चांगला आवाज’ असा सरधोपट नियम त्यातून निघत नाही.

लाकडाच्या या चर्चेचा एक धागा थेट सह्याद्रीपर्यंत येतो. जुन्या फिंगरबोर्डचे ब्राझिली शिसव दुर्मिळ झाले आणि साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याची जागा भारतीय शिसवाने घेतली. पश्चिम घाटातही वाढणारे हे झाड जगभरच्या गिटारींत गेले. १९९२मध्ये ब्राझिली शिसवावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची सर्वांत कडक बंधने आली आणि जुन्या गिटारींभोवतीचे वलय आणखी वाढले. दोन्ही लाकडांच्या घनतेत आणि रंगरूपात फरक आहे. मात्र फेंडरने १९६२नंतर फिंगरबोर्डचा शिसवी थर बराच पातळ केला होता. मॅपलच्या नेकवरच्या त्या पातळ पापुद्र्याची जात कानाने ओळखता येते, हे दाखवण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यांवर राहते.

तारा, पिकअप आणि विजेची बाजू

दुसरा पक्ष म्हणतो की इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज ठरतो तो तारा, पिकअपची जागा, त्याची बांधणी, व्हॉल्यूम-टोनची यंत्रणा आणि अॅम्प्लिफायर यांनी. जर्मन संशोधक मान्फ्रेड त्सोल्नर यांचा इलेक्ट्रिक गिटारीच्या भौतिकशास्त्रावरचा विस्तृत ग्रंथ याच बाजूला झुकतो. नॅशव्हिलचा वादक जिम लिल याने अलीकडे दोन बाकांमध्ये नुसत्या तारा ताणून, खाली पिकअप धरून, टेलिकास्टरच्या जवळ जाणारा आवाज ध्वनिमुद्रित करून दाखवला. तो प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हता, पण प्रश्न त्याने नेमका मांडला.

याच बाजूने पाहिले तर जुन्या गिटारींतला फरक सहज उलगडतो. सेथ लव्हरने घडवलेल्या हमबकरचा पेटंट अर्ज १९५५चा आणि मंजुरी १९५९ची, म्हणून मधल्या काळातल्या पिकअपवर ‘पेटंट मागितले आहे’ अशी चिठ्ठी असे. या पिकअपमध्ये वेढ्यांची संख्या आणि अल्निको चुंबकांचा प्रकार एकसारखा राहिला नाही. दोन वेटोळ्यांत वेढे कमीजास्त झाले की गुणगुण पूर्ण जात नाही, पण वरच्या स्वरांत थोडी धार उरते. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरचे मूल्य छापील आकड्यापासून वीस टक्के इकडेतिकडे असणे नेहमीचे. अशा चार-पाच फरकांची बेरीज झाली की एकाच महिन्यात झालेल्या दोन गिटारी वेगळ्या बोलतात. जादुई प्रत भेटल्याचा अनुभव इथे खोटा ठरत नाही, त्याला कारण मिळते. त्याचबरोबर हेही मान्य करावे लागते की त्याच वर्षी त्याच कारखान्यातून सामान्य प्रतीही बाहेर पडल्या.

वाजवणाऱ्याची साक्ष

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा: हजारो तास वाजवलेल्या हातांची साक्ष मोजपट्टीपेक्षा कमी का मानायची? आक्षेपात तथ्य आहे. स्वर विझण्याचा आलेख वादकाच्या अनुभवाची जागा घेऊ शकत नाही. पण साक्ष कशाची आहे हे तपासावे लागते. व्हायोलिनच्या क्षेत्रात क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना काळे चष्मे लावून जुनी आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होत्या. बहुतेकांनी पसंत केलेले वाद्य नवे निघाले, आणि जुने कोणते हेही वादकांना भरवशाने सांगता आले नाही. पॅरिसमधल्या पुढच्या प्रयोगाने हाच कल दाखवला. व्हायोलिन हे पोकळ वाद्य, तेव्हा निष्कर्ष गिटारीवर जसाच्या तसा लादता येत नाही. पण जिथे लाकडाचा वाटा कितीतरी मोठा आहे तिथेही वय ओळखता आले नसेल, तर भरीव गिटारीबाबत अधिक सावध राहायला हवे.

हाताच्या साक्षीत मात्र एक भाग असा आहे जो या शंकेतून सुटतो. पन्नास वर्षे वाजलेल्या नेकच्या कडा बोटांनी गोल झालेल्या असतात, मागची लाख झिजून अंगठा न चिकटता सरकतो, फ्रेट्स अनेकदा घासून किंवा बदलून बसते केलेले असतात, नटच्या खाचा नीट केलेल्या असतात. हे सगळे स्पर्शाला लगेच कळते. शिवाय निवडीचाही परिणाम असतो. चांगल्या लागणाऱ्या प्रती वादकांनी जपल्या, वाजवल्या, दुरुस्त केल्या. वाईट प्रतींचे सुटे भाग झाले किंवा त्या पलंगाखाली पडून राहिल्या. आज हातात येणारी जुनी गिटार ही बहुतेक वेळा अशा चाळणीतून उरलेली असते, तर नवी गिटार अजून त्या चाळणीत गेलेलीच नसते. त्यामुळे दोघींची तुलना सरळ होत नाही. प्रतिकृती कधीच मूळ प्रतीसारख्या लागत नाहीत, हा आक्षेपही इथेच उत्तर मागतो. बऱ्याच प्रतिकृतींत आराखडा बरोबर असतो, पण नेकचा छेद सरासरीवर बेतलेला असतो, आणि मूळ गिटारींत ‘सरासरी’ अशी प्रत क्वचितच असे.

काय सुटले, काय उरले

आजच्या घडीला काही गोष्टी बऱ्यापैकी निश्चित म्हणता येतात. स्केल, बाक, नेकचा छेद, नेकचा कोन आणि तारांची जाडी यांचा हातावरचा परिणाम मोठा आणि पुन्हा घडवता येण्याजोगा आहे. पिकअप आणि विजेच्या भागांतली तफावत आवाजातला बराच फरक स्पष्ट करते. वापराची झीज स्पर्शात खरी आहे. काही प्रश्न मात्र खुले आहेत. लाकडाचा परिणाम कोणत्या टप्प्यावर कानाला ओळखता येतो, यावर एकमत नाही. नेकमधून तळहाताला मिळणारी थरथर वादकाच्या आघातावर कसा परिणाम करते, आणि त्या बदललेल्या आघातामुळे आवाज किती बदलतो, हा सर्वांत अवघड प्रश्न. कारण ऐकणाऱ्याच्या चाचणीत तो पकडता येत नाही, वाजवणाऱ्यालाच चाचणीचा भाग करावे लागते. त्यासाठी जुन्या गिटारींचे मालक, संग्रहालये आणि संशोधक यांनी मिळून प्रतवार नोंदी ठेवायला हव्यात: नेकचा छेद किती, पिकअपचे वेढे आणि चुंबक कोणते, पोटेन्शिओमीटरचे प्रत्यक्ष मूल्य काय. अशा नोंदी वाढत गेल्या तर ‘जुनी’ या एका शब्दाने चालणारी चर्चा थांबेल आणि एकेका गिटारीविषयी नेमके बोलता येईल. त्या दशकातल्या कारागिरांचे आणि वादकांचे खरे श्रेयही त्यातच आहे. कारण त्यांच्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे त्यांनी चुका दुरुस्त करत शोधलेली मापे, आणि ती मापे आज कुठलाही चांगला कारागीर नव्या लाकडात उतरवू शकतो.